मशीन आलं, पण सिस्टर ‘हो’ म्हणतील का?

*गावातल्या दवाखान्यात ईसीजी काढायचा आणि शहरातल्या हृदयरोगतज्ज्ञाने तो काही मिनिटांत वाचायचा, ही सोय आता स्वप्न राहिलेली नाही. पण ते मशीन रोज हातात धरणाऱ्या सिस्टर, आशाताई आणि पीएचसीचे डॉक्टर यांना ते हवंय का? आणि हवंसं वाटायला काय लागतं?*

एक हिशेब करून बघा. माजलगाव तालुक्यातल्या एका गावात रात्री एक वाजता कुणाच्या तरी छातीत कळ निघते. दरदरून घाम फुटतो, डावा हात भरून येतो. पहिला अर्धा तास ‘पित्त झालंय’, ‘गॅस धरलाय’ यातच जातो. कुणी सोडा पाजतं, कुणी पाठ चोळतं. कुणीतरी म्हणतं, ‘सकाळपर्यंत बघू.’ मग गाडीची शोधाशोध. गाव गंगामसला असो, पात्रुड असो की टाकरवण, आधी माजलगावचं ग्रामीण रुग्णालय गाठायचं. तिथून चिठ्ठी मिळाली तर बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. तिथेही नाही भागलं तर संभाजीनगर. आता प्रत्येक टप्प्याची मिनिटं लिहा आणि बेरीज करा.

ही बेरीज महत्त्वाची का, तर हृदयाला रक्त पुरवणारी नळी गुठळीने बंद झाली की त्या भागाचा स्नायू मरायला लागतो आणि मेलेला स्नायू परत येत नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त कामी येतं. बारा तास उलटले की त्याचा फारसा उपयोग उरत नाही. हे इंजेक्शन द्यायला मोठी कॅथलॅब लागत नाही. ग्रामीण रुग्णालयातही ते देता येतं. मात्र देण्याआधी हा हार्ट अटॅकच आहे, आणि तोही ‘स्टेमी’ नावाचा, म्हणजे नळी पूर्ण बंद पडलेला प्रकार आहे, याची खात्री लागते. ती खात्री ईसीजी देतो. म्हणूनच रुग्ण दवाखान्यात पोहोचल्यापासून १० मिनिटांच्या आत ईसीजी निघाला पाहिजे, असं जगभरातली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

‘पण आमचा काय संबंध? आम्ही तर विशीतले!’ असं वाटत असेल तर जरा थांबा. ‘इंटरहार्ट’ नावाचा ५२ देशांतला एक मोठा अभ्यास झाला. त्यात दक्षिण आशियाई लोकांना पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येत असल्याचं दिसलं. इतर देशांतल्या लोकांपेक्षा हे सुमारे सहा वर्षं लवकर आहे. आता तुमच्या वडिलांचं, मामांचं, आत्याचं वय मोजा. संबंध लागला?

२७० किलोचं यंत्र आणि दीड किलोमीटर तार

दुरून ईसीजी बघण्याची कल्पना मोबाइलच्या काळातली आहे, असं तुम्हाला वाटत असेल तर एक गंमत ऐका. ती १२० वर्षं जुनी आहे. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात विलेम आइनथोव्हेन या शास्त्रज्ञाने ईसीजीचं यंत्र बनवलं. त्याचं वजन होतं सुमारे २७० किलो आणि ते चालवायला पाच माणसं लागत. हे धूड रुग्णापाशी नेणार कसं? मग १९०५ मध्ये त्याने उलटा विचार केला. रुग्ण इस्पितळातच राहू दे, त्याच्या हृदयाचे विद्युत संकेत टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटर लांबच्या प्रयोगशाळेत आणू. आणि ते जमलंसुद्धा. पुढे १९२४ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

आज तेच काम बॅगेत मावणारं मशीन करतं. दोन हात, दोन पाय यांना चार चिमटे आणि छातीवर ठरलेल्या सहा जागी सहा छोट्या वाट्या. या दहा जोडण्यांमधून हृदयाची बारा बाजूंनी ‘चित्रं’ मिळतात. ती सिमकार्डच्या नेटवर्कवरून सर्व्हरवर जातात. संगणकाचा प्रोग्राम आधी चाळणी लावतो, मग तज्ज्ञ डॉक्टर बघतात आणि अहवाल काही मिनिटांत दवाखान्यातल्या फोनवर येतो.

याचा फायदा होतो का? तमिळनाडूत चार ठिकाणी छोटी रुग्णालयं मोठ्या रुग्णालयांना जोडून हा प्रयोग झाला. त्यात २,४२० रुग्णांचा अभ्यास केला गेला आणि २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ही व्यवस्था येण्याआधी हार्ट अटॅकनंतर वर्षभरात १७.६ टक्के रुग्ण दगावत होते. ती आल्यावर हे प्रमाण १४.२ टक्क्यांवर आलं. म्हणजे दर शंभरामागे तीन-चार जीव जास्त वाचले. गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला केंद्र करून २०१८ मध्ये अशीच योजना सुरू झाली. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये काही जिल्ह्यांत ‘स्टेमी महाराष्ट्र’ प्रकल्प हाती घेतला.

मंगळूरचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पद्मनाभ कामत यांनी तर याहून सोपी वाट काढली. ग्रामीण दवाखान्यांना ईसीजी मशीन मिळवून द्यायची आणि तिथल्या डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जोडून घ्यायचं. ईसीजीचा फोटो ग्रुपवर टाकला की तज्ज्ञ उत्तर देतात. नवं अ‍ॅप नाही, नवा पासवर्ड नाही. जे हातात आहे, त्यावरच काम.

तंत्रज्ञान आहे, पुरावा आहे, योजनाही आहेत. मग घोडं अडतं कुठं? मशीनच्या या टोकाला.

आज रात्री तुम्हीच सिस्टर आहात

थोडा वेळ स्वतःला एका छोट्या सरकारी दवाखान्याच्या रात्रपाळीत उभं करून बघा. स्टाफ कमी, ड्युटीवर तुम्ही एकट्याच सिस्टर. आत एक बाळंतीण कळा देतेय. बाहेर जीप थांबते. पन्नाशीच्या एका बाई छाती धरून आत येतात. सोबत सात-आठ नातेवाईक, सगळेच घाबरलेले.

पहिली अडचण: ईसीजीसाठी छाती उघडी करावी लागते. खोलीला पडदा नाही. दारात त्यांचे दीर, पुतणे उभे. बाई पदर घट्ट धरून म्हणतात, ‘नको गं माय, निस्तं पित्त हाय.’ अशा वेळी सिस्टरऐवजी पुरुष कर्मचारी ड्युटीवर असेल तर ईसीजी निघणं आणखी अवघड. मशीन खरेदी करणाऱ्याने पडद्याचा विचार केलेला असतोच असं नाही. आणि बायकांच्या हार्ट अटॅकची लक्षणं कित्येकदा वेगळी असतात. छातीत कळ कमी आणि दम लागणं, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, कमालीचा थकवा जास्त. म्हणजे ज्यांचं निदान मुळातच हुकतं, त्यांचाच ईसीजी काढणं सगळ्यात कठीण.

दुसरी अडचण: चिमटे आणि वाट्या बरोबर जागी लावणं. छातीवरच्या पहिल्या दोन वाट्या चौथ्या बरगडीखालच्या फटीत, छातीच्या मधल्या हाडाच्या दोन बाजूंना बसवायच्या. उजव्या-डाव्या हाताचे चिमटे उलटे लागले तरी आलेख बदलतो. घामाने वाटी निसटते, जेली संपलेली असते, बाई थरथरत असतात आणि आलेखात नुसता गवताचा भारा उमटतो. तज्ज्ञांकडून निरोप येतो, ‘पुन्हा काढा.’ तोवर आतून बाळंतिणीची हाक येते.

तिसरी अडचण: नेटवर्क. आलेख ‘अपलोडिंग’वर गोल गोल फिरतोय आणि तुम्ही फोन घेऊन खिडकीपाशी उभ्या.

चौथी आणि सगळ्यात मोठी अडचण: अहवाल आला. ‘स्टेमी.’ आता काय? गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनने रक्तस्राव होऊ शकतो. नुकतंच ऑपरेशन झालेल्यांना किंवा आधी मेंदूत रक्तस्राव झालेल्यांना ते देता येत नाही. हे सगळं विचारून निर्णय घ्यायचा तो एकट्या डॉक्टरने, मध्यरात्री. काही वाईट झालं तर? बाहेर सात-आठ नातेवाईक उभे आहेत. डॉक्टर, सिस्टर आणि दवाखान्यांवर होणारे हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राला २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला, यावरून या भीतीची कल्पना यावी. अशा वेळी ‘काहीही न करता पुढे पाठवून देणं’ हा सगळ्यात सुरक्षित मार्ग वाटतो. डॉक्टरसाठी सुरक्षित, रुग्णासाठी नाही.

आता सांगा, सकाळी वरिष्ठांनी विचारलं, ‘मशीन का वापरत नाही?’ तर काय उत्तर द्याल? कागदावर तुमच्या नावापुढे शेरा पडेल: ‘कर्मचाऱ्यांमध्ये तंत्रज्ञानाबाबत उदासीनता.’

फोन परत करणाऱ्या ताई

‘गावातल्या बायकांना टेक्नॉलॉजी झेपत नाही,’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल फोन परत करायचं आंदोलन केलं, तेव्हाही असंच बोललं गेलं. अंगणवाडी सेविका आरोग्य खात्याच्या नसल्या, तरी गावात बाळांची वजनं, गरोदर बायांच्या नोंदी त्याच ठेवतात. त्यामुळे त्यांचं म्हणणं नीट ऐकण्यासारखं आहे.

त्यांची तक्रार मोबाइलबद्दल नव्हती, ‘या’ मोबाइलबद्दल होती. २ जीबी रॅमचा फोन सारखा अडकायचा, तापायचा. दुरुस्तीचा खर्च त्यांच्याच माथी. त्यात भरीला नवं ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅप आलं, तेही इंग्रजीत. मराठी शाळेत शिकलेल्या सेविकेने मराठी गावातल्या मराठी बाळांची नावं इंग्रजीत टाईप करायची. याच सेविका स्वतःच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप वापरतात, व्हिडिओ कॉल करतात. मग झेपत काय नव्हतं? अ‍ॅप की ते बनवण्याची पद्धत?

आता दुसरं उदाहरण घ्या. २०१७ नंतर देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. त्यात महाराष्ट्रातले भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे सुरुवातीपासून होते. उपक्रमात ‘सिंपल’ नावाचं अ‍ॅप वापरलं गेलं. रुग्णाकडे क्यूआर कोड असलेलं एक कार्ड असतं. सिस्टरने तो स्कॅन करायचा, बीपीचे दोन आकडे टाकायचे, गोळी कोणती दिली ते टिपायचं, झालं. काही सेकंदांचं काम. शिवाय कोण रुग्ण ठरलेल्या दिवशी आलाच नाही याची यादीही सिस्टरला तिथेच मिळते, म्हणजे तिने भरलेली माहिती तिच्याच कामाला येते.

तुमच्यातल्या बीबीए, बीसीएवाल्यांनी ‘टेक्नॉलॉजी ॲक्सेप्टन्स मॉडेल’ वाचलं असेल. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेलं हे मॉडेल म्हणतं की माणूस नवं साधन स्वीकारतो ते मुख्यतः दोन गोष्टींवरून: हे माझ्या उपयोगाचं आहे का, आणि ते वापरायला सोपं आहे का. परीक्षेत पाच मार्कांना येतं ते! अंगणवाडीच्या फोनला दोन्ही प्रश्नांवर ‘नाही’ उत्तर मिळालं. ‘सिंपल’ची आखणीच दोन्हीकडे ‘हो’ मिळावं अशी होती.

पण सरकारी दवाखान्यात आणखी दोन प्रश्न जोडावे लागतात. हे काम कुणाच्या वेळेत आणि किती पैशात? आणि चुकलं तर माझ्या पाठीशी कोण?

पहिल्याचं उत्तर आशाताईंना विचारा. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा ‘सीबॅक’ नावाचा फॉर्म त्या भरतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का, असे प्रश्न त्यात असतात. चारपेक्षा जास्त गुण झाले की त्या माणसाला आधी तपासणीला पाठवायचं. हृदयविकाराच्या गावपातळीवरच्या तपासणीची ही पहिली पायरी. एका फॉर्मचा मोबदला १० रुपये. सरकारी भाषेत आशाताई कर्मचारी नाहीत, ‘स्वयंसेविका’ आहेत. त्यांच्या संपातल्या मागण्यांत ‘ऑनलाइन कामाची सक्ती नको’ ही मागणी वाचली की लोक म्हणतात, बघा, प्रगतीला विरोध. १० रुपयांत घरी जाऊन, पट्टीने कंबर मोजून, फॉर्म भरून, तोच पुन्हा मोबाइलवर चढवायचा आणि रिचार्जचं गणितही स्वतःच जुळवायचं, असं तुम्हाला कुणी सांगितलं तर तुम्ही काय म्हणाल?

गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला काय झालं?

समजा हे सगळे प्रश्न सुटले. आशाताई, सिस्टर, डॉक्टर सगळे ‘हो’ म्हणाले. मग काम फत्ते?

माजलगाव तालुक्यात मंजरथला सिंदफणा गोदावरीला मिळते. तीच गोदावरी पुढे तेलंगण ओलांडून आंध्र प्रदेशात समुद्राला मिळते. तिथल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात १८ पीएचसींच्या हद्दीतल्या ५४ गावांत ‘स्मार्टहेल्थ’ नावाचा प्रयोग झाला. आशाताईंना टॅबलेट दिले. त्या घरोघरी जाऊन बीपी मोजायच्या, माहिती भरायच्या आणि कुणाला हृदयविकाराचा धोका जास्त आहे हे टॅबलेट सांगायचा. अशांना पीएचसीच्या डॉक्टरकडे पाठवायचं. आशाताईंनी हे काम चांगलं पेललं.

आणि निकाल? २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. धोका जास्त असलेल्या लोकांपैकी किती जणांचा बीपी आटोक्यात आला, हे मोजल्यावर टॅबलेट आलेल्या आणि न आलेल्या गावांत म्हणावा असा फरकच सापडला नाही.

हा अभ्यास वाचून ‘मग कशाला हवं ते मशीन’ असं म्हणणं सोपं आहे. पण नीट बघा. धोका असलेल्या माणसाची यादी बनली म्हणून त्याचं बीपी उतरत नाही. त्यासाठी पीएचसीत त्या दिवशी डॉक्टर हवा, गोळी हवी, पुढच्या महिन्यातही गोळी हवी आणि रोजगार न बुडवता ती आणता यायला हवी. आशाताईने शेजारच्या काकांना सांगितलं, ‘काका, तुमचं बीपी लई वाढलंय, दवाखान्यात जा,’ आणि काका दोन वेळा जाऊन रिकाम्या हाताने परत आले, तर तिसऱ्या वेळी आशाताई कुणाला पाठवायला धजेल का? गावात तिचा शब्द हीच तिची पुंजी. मशीन तिला नकोसं होतं ते इथे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. शिबिर लावून दिसेल त्याचा ईसीजी काढत सुटणं, हे फार शहाणपणाचं नाही. ज्याला काही त्रास नाही आणि धोकाही कमी आहे, अशा माणसाचा ईसीजी काढून फारसा फायदा होत नाही. उलट किरकोळ फरक दिसला तरी ‘हार्टचा प्रॉब्लेम’ म्हणून घर हादरतं आणि पुढच्या तपासण्यांचा खर्च सुरू होतो. आधी बीपी, शुगर, तंबाखू. आणि छातीत दुखत असेल, दम लागत असेल तर ताबडतोब ईसीजी, हा क्रम बरोबर. एखादी अनुभवी सिस्टर शिबिराच्या ‘दोनशे ईसीजींच्या टार्गेट’वर नाक मुरडत असेल, तर ती मागास आहे असं धरून चालू नका. कदाचित तिचंच बरोबर असेल.

बीडचं कॅलेंडर वेगळं आहे

बाहेरून आलेल्या योजनेला आणखी एक गोष्ट ठाऊक नसते, जी इथल्या प्रत्येक आशाताईला पाठ असते. दसरा-दिवाळीनंतर गावं रिकामी होतात. ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात गेलेल्या टोळ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. जानेवारीत तपासणीची मोहीम लावली तर कुलपांचीच तपासणी होणार. म्हातारी माणसं आणि लहान मुलं घरी. तिशी-चाळिशीतले, म्हणजे ज्यांची तपासणी सगळ्यात गरजेची, ते फडात.

फडात ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल आधीच घेतलेली. एक दिवस काम बुडालं तर खाडा पडतो, पैसे कापले जातात. छातीत दुखलं तरी माणूस म्हणतो, ‘हंगाम उरकू दे.’ त्याचा सीबॅक फॉर्म माजलगावच्या गावात, तो कुठल्या तरी साखर कारखान्याच्या आवारात कोपीत, आणि बीपीची गोळी दोन्हीकडे नाही. इथे दूरच्या तपासणीचं तंत्रज्ञान खरंच कामाचं आहे. क्यूआर कोडचं कार्ड माणसाबरोबर प्रवास करू शकतं आणि कुठल्याही जिल्ह्यातल्या पीएचसीत त्याची नोंद उघडता येऊ शकते. पण त्यासाठी दोन जिल्ह्यांच्या यंत्रणा जोडलेल्या हव्यात आणि मोहीम दसऱ्याआधी हवी. हे आशाताईला विचारलं असतं तर तिने एका वाक्यात सांगितलं असतं.

विश्वासाचाही प्रश्न आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची सरकारी समितीने चौकशी केली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाली होती. ज्या गावांत हे घडलं, तिथल्या बाईने ‘आणखी एक तपासणी’ म्हटल्यावर मागे सरकणं स्वाभाविक आहे. आणि ज्यांचं बीजाशयही कमी वयात काढलं गेलं, त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणजे ज्यांचा विश्वास सगळ्यात जास्त तुटलाय, त्यांचीच तपासणी सगळ्यात आधी व्हायला हवी. तो विश्वास कुठलंही मशीन परत मिळवून देणार नाही. ते काम ओळखीच्या आशाताईच करू शकतात, आणि म्हणूनच त्यांचं मशीनबद्दलचं मत इतकं महत्त्वाचं.

मग ‘हो’ कशाने मिळतं?

आतापर्यंतचं सगळं एकत्र केलं तर यादी फार मोठी होत नाही. मशीन देताना पडदा, जेली, कागद आणि दुरुस्तीची सोयही द्यायची. अ‍ॅप मराठीत हवं आणि नेटवर्क नसतानाही चालायला हवं. ट्रेनिंग एका दिवसाच्या स्लाइड-शोवर उरकायचं नाही, हात बसेपर्यंत करून घ्यायचं. कामाचा मोबदला द्यायचा. ‘आज किती ईसीजी काढले’ यापेक्षा ‘अहवाल किती मिनिटांत आला आणि पुढे काय झालं’ हे विचारायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पलीकडच्या तज्ज्ञाने नुसतं ‘स्टेमी’ लिहून मोकळं व्हायचं नाही. ‘इंजेक्शन द्या, हे-हे तपासून द्या, मी फोनवर आहे’ असं म्हणायचं. मध्यरात्री एकट्या डॉक्टरला तेवढा आधार मिळाला तर भीती बरीच कमी होते. दुसऱ्या दिवशी ‘तुम्ही पाठवलेला पेशंट वाचला’ हा निरोप सिस्टरपर्यंत पोहोचला, तर पुढच्या वेळी मशीन बाहेर काढायला तिला कुणी सांगावं लागणार नाही.

आता तुमच्याकडे वळू. तुम्ही यात नुसते वाचक नाही आहात.

नर्सिंग, बीएएमएस, फार्मसीला असाल तर दोन-चार वर्षांत त्या खुर्चीत तुम्हीच असाल. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून एखाद्या उपकेंद्रात रुजू व्हाल तेव्हा हे मशीन तुमच्याच टेबलावर येईल. छातीवरच्या सहा जागा आत्ताच, मित्रांवर सराव करून, डोळे मिटून सापडतील अशा पाठ करा. इंटर्नशिपमध्ये ईसीजी वाचायला शिकवणारे कुणी भेटले तर त्यांना सोडू नका.

कॉम्प्युटर सायन्सला असाल तर फायनल इयरच्या प्रोजेक्टला आणखी एक ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टीम’ करण्याआधी गावातल्या आशाताईंसोबत एक दिवस फिरा. त्या किती रजिस्टरं भरतात, कुठली माहिती तीन-तीनदा लिहितात, ते बघा. तुमचा प्रोजेक्ट तिथेच सापडेल.

कुठल्याही शाखेला असाल तर तीन गोष्टी. एक: घरात कुणाच्या छातीत दुखलं, दम लागला, विनाकारण घाम फुटला तर सोडा, लिंबूपाणी नंतर, आधी १०८ ला फोन. महाराष्ट्रात २०१४ पासून ही अ‍ॅम्ब्युलन्स फुकट आहे. दोन: दवाखान्यात पोहोचलात की नम्रपणे पण ठामपणे म्हणा, ‘सिस्टर, आधी ईसीजी काढता का?’ पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि दुखणं थांबलं नाही तर थोड्या वेळाने पुन्हा काढायला सांगा, कारण सुरुवातीच्या ईसीजीत कधीकधी काही दिसत नाही. ईसीजी काढताना आपल्या माणसांना खोलीबाहेर नेणं आणि डॉक्टरभोवतीची गर्दी हटवणं हेही तुमचंच काम. तीन: तुमच्या पीएचसीला रुग्ण कल्याण समिती असते, गावाला ग्रामसभा असते. तिथे ‘आपल्या दवाखान्यात ईसीजी मशीन आहे का?’ एवढ्यावर थांबू नका. ते चालू आहे का, शेवटचा ईसीजी कधी काढला, पडदा आहे का, रात्री ते हाताळणारं कुणी असतं का आणि बीपीच्या गोळ्या या महिन्यात आल्यात का, हेही विचारा.

आणि सुट्टीत गावी गेलात की आशाताईंच्या घरी चहाला जा. ‘ताई, ते नवीन अ‍ॅप कसंय?’ एवढंच विचारा आणि मग ऐका. यंदाच्या टोळ्या निघायच्या आधी गावात कुणाचं बीपी तपासायचं राहिलंय, ही यादीही त्यांच्याकडेच मिळेल. त्यात तुमच्या घरातलं एखादं नाव असेल, तर त्यांना दवाखान्यात घेऊन जायची जबाबदारी तुमची.